380 चौरस फूट आणि एक आडनाव



गेल्या वर्षी आम्ही चेंबूरमध्ये भाड्याचे घर शोधत होतो. आम्ही म्हणजे दोघे नवरा-बायको आणि आई. पहिले घर पसंत पडले. वन बीएचके, कार्पेट 380 चौरस फूट, भाडे 32 हजार, डिपॉझिट 1 लाख. एजंटने फोनवर आडनाव विचारले, आम्ही सांगितले. तासाभराने त्याचा फोन आला, "दादा, मालक भाच्याला देतायत घर." संध्याकाळी ऑफिसातल्या सवर्ण मित्राने त्याच घरासाठी फोन केला. घर रिकामेच होते. भाचा कुठे गेला, कोण जाणे!

दुसऱ्या ठिकाणी "घरात काय शिजतं?" असे विचारले. आई म्हणाली, "माणसं खातात तेच." तेही घर गेले.

तिसरे घर मिळाले. तेवढेच 380 चौरस फूट, त्याच रस्त्यावर, पण लिफ्ट नाही आणि भाडे 36 हजार. एजंट म्हणाला, "इथे कोणी काही विचारत नाही." न विचारण्याचे महिन्याला 4 हजार! 11 महिन्यांच्या करारात 44 हजार. गुडघे दुखणारी आई तीन जिने चढते, त्याचा हिशेब वेगळाच.

समाजशास्त्राच्या एम.ए.ला आम्ही शिकलो की शहरात जात विरघळते. पण ती विरघळत नाही, चौरस फुटाच्या दरात जाऊन बसते. 1917 साली कोलंबियाहून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून पारशी धर्मशाळेत राहावे लागले आणि तिथूनही हाकलले गेले. आम्ही नाव बदलणार नाही. भिंतीवरचा बुद्धाचा फोटोही उतरवणार नाही.

काही मित्र म्हणतात, "घर मालकाचं, मर्जी त्याची." मग दुकान कोणाचे असते? हॉटेल कोणाचे असते? संविधानाच्या कलम 15(2) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते आहेत. भाड्याच्या घराचा उल्लेख नाही. महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने कराराची नोंदणी सक्तीची केली. पण नोंदणी होते ती घर मिळालेल्यांची. ज्यांना नाकारले त्यांची नोंद कुठे?

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. भाड्याच्या घरात जात-धर्मावरून नकार देणे गुन्हा ठरवणारा कायदा हवा. तोवर प्रत्येक नकाराची तारीख, भाडे, क्षेत्रफळ आणि सांगितलेले कारण वहीत लिहून ठेवा. आमच्या वहीत दोन नोंदी आहेत. तुमच्या वहीत किती?