धावण्याचे ऋण

मनुष्यावर अनेकांचे ऋण असते. मातापित्यांचे, गुरुजनांचे आणि परमेश्वराचे ऋण आपण निदान मुखाने तरी मान्य करतो. परंतु काही उपकार इतके साधे असतात की, त्यांची आठवण ठेवणे कोणास सुचत नाही. आमच्यापुरते बोलावयाचे तर धावणे हा असाच एक उपकार होय. तो मोकळ्या मनाने मान्य करावा, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच.

धावावे कसे हे लहान मुलास कोणी शिकवीत नाही. पुढे वय वाढले की धावणे हे उतावळेपणाचे लक्षण ठरते. प्रौढ मनुष्य रस्त्याने धावताना दिसला तर लोक काळजीने विचारतात, "काय हो, घरी सर्व ठीक आहे ना?" आम्हांसही दिग्रसमध्ये हा प्रश्न कित्येकदा विचारण्यात आला. त्याचे खरे उत्तर आम्ही त्या वेळी कोणास दिले नाही. ते येथे देतो.

आमच्या मातोश्री निवर्तल्या, त्यानंतर कित्येक महिने आम्हांस पहाटे चार वाजताच जाग येत असे. घरातील ती वेळ त्यांची होती. पाणी भरण्याचा, केर काढण्याचा तो परिचित आवाज आता येत नव्हता आणि त्या शांततेत अंथरुणावर पडून राहणे असह्य होई. म्हणून आम्ही उठून गावाबाहेरच्या रस्त्यास लागलो. आरंभी चाललो, मग थोडे धावलो. आमच्या गावची नदी धावंडा. त्या नावाची व्युत्पत्ती काहीही असो, त्यातील 'धाव' आम्हांस शुभशकुनासारखी वाटली. पावसाळ्यात काळी माती जोड्यांस चिकटून पाय जड होत, उन्हाळ्यात ऊन चढण्यापूर्वी घर गाठावे लागे. तरी नेम मोडला नाही. दुःख नाहीसे झाले, असे आम्ही म्हणत नाही. परंतु जे ओझे एकटे मन वाहत होते, ते वाहण्यास पाय, छाती आणि श्वास हेही पुढे आले, हे मात्र खरे.

त्या अंधारात आम्ही एकटे नव्हतो. पोलीसभरतीची तयारी करणारी मुले-मुली तेथे रोज येत. मुलांस १६०० मीटर आणि मुलींस ८०० मीटर अंतर घड्याळाच्या काट्यावर पुरे करावे लागते. शेतकऱ्यांची आणि मजुरांची ही लेकरे. त्यांच्या एकेका सेकंदावर घराची आशा टांगलेली. असे असूनही आपली धाव आटोपल्यावर त्यांतील एक तरुण परत वळून आमच्या संथ चालीने आमच्याबरोबर धावे. त्याने कधी काही विचारले नाही. पुढे त्याच्या सोबत्यांपैकी काहींची निवड झाली; त्याची झाली नाही. चार दिवस तो दिसला नाही. पाचव्या दिवशी आला, तो हाती घड्याळ घेऊन, नव्या मुलांची वेळ मोजण्यासाठी. निवडीच्या यादीत नाव नसले तरी त्याच्या अंगी जे आले होते, ते कोणास काढून घेता आले नाही. हे पाहून आम्हांस जो धीर आला, त्याचे मोल कसे करावे?

जो पहिला आला तोच धन्य, असे मानणाऱ्यांनी आपल्याच प्रांताचा इतिहास पाहावा. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील शर्यती पाहून सर दोराबजी टाटा यांच्या मनात हिंदी खेळाडूंस ऑलिंपिकला पाठविण्याचा विचार आला, आणि १९२० साली बेळगावचे फडेप्पा चौगुले व त्यांचे सहकारी सदाशिव दातार हे अँटवर्प येथील मॅरेथॉन शर्यतीत उतरले. अंतर ४२ किलोमीटर ७५० मीटर. दातारांस शर्यत पुरी करता आली नाही. चौगुले १९वे आले. पदक कोणासच मिळाले नाही. तथापि आज भारताच्या धावपटूंची कथा सांगताना ह्या दोघांपासूनच आरंभ करावा लागतो. पौलाने तीमथ्यास लिहिलेल्या पत्रात आपल्या आयुष्यास धावेची उपमा दिली आहे. तेथे त्याने धाव पुरी केल्याचे समाधान सांगितले. आपण कितवे आलो, हे सांगितले नाही.

काही पालक म्हणतील, "ह्यात अभ्यासाचा वेळ जातो." बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे यांची शाळा घरापासून सहा किलोमीटर दूर होती, शाळेची वाट हेच त्यांचे पहिले मैदान. त्यांनी २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. प्रत्येक मुलाने साबळे व्हावे, असा आमचा आग्रह नाही. नियमाने धावणाऱ्याचे हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते, म्हणून विश्रांतीच्या वेळी त्यास कमी ठोके पुरतात. हा लाभ पहिल्या क्रमांकास आणि शेवटच्या क्रमांकास सारखाच मिळतो.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेत तुमचे माप दुसऱ्याच्या मापाशी ताडून पाहिले जाते, आणि ते योग्यही असेल. परंतु दिवसातून अर्धा तास तरी असा असावा की, ज्यात कालच्या तुम्हांशीच आजच्या तुम्हांस स्पर्धा करावी लागेल. तेथे नक्कल चालत नाही, वशिला चालत नाही आणि वडिलांची श्रीमंती किंवा गरिबीही आड येत नाही. पालकांस आमची नम्र विनंती एवढीच की, उद्या पहाटे आपला मुलगा किंवा मुलगी धावावयास निघाली, तर तिला अडवू नये. कोणते ओझे हलके करण्यासाठी ती निघाली आहे, हे आपणांस ठाऊक असेलच असे नाही.