नळीमागची अक्षरे

आमच्या महाविद्यालयात दर हिवाळ्यात आरोग्य शिबिर भरत असे आणि दर वर्षी त्या दिवशी मागच्या कुंपणाच्या तारा वाकलेल्या सापडत. सुईला भिणारी मुले तिकडून पसार होत. वजन-उंची मोजून घ्यायला कुणाची हरकत नसे; डोळ्यांच्या तपासणीला तर मुली हौसेने रांग लावत. पण रक्त म्हटले की आडदांड मुलांनाही अचानक गावाकडचे काम आठवे. आज मी एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो, अशा शिबिरांची जबाबदारीही बहुधा माझ्याकडेच येते, आणि शिबिराच्या आदल्या दिवशी मी न चुकता कुंपण पाहून येतो. तारा घट्ट करण्यासाठी नव्हे. कोणत्या वर्गातली मुले कुठून निसटतात ते माहीत असावे म्हणून.

अशा शिबिरांविषयी फार भाबडेपणाने बोलणे मला जमत नाही. फलक, हारतुरे, पाहुण्यांचे लांबलेले भाषण, उपस्थितांचा आकडा आणि छायाचित्र एवढ्यावरच पुष्कळ शिबिरे आटोपतात. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून महाविद्यालयांच्या आवारात अशी किती शिबिरे झाली असतील याची मोजदाद नाही. त्यांतल्या बहुतेकांनी कुणाचेच काही बिघडवले नसेल आणि फारसे घडवलेही नसेल. तरीही त्यांच्याविषयी उपहासाने लिहायला माझा हात धजत नाही. त्याचे कारण मी द्वितीय वर्षाला असताना आमच्या सभागृहात मांडलेले एक टेबल आहे.

त्या टेबलावर काचेच्या बारीक नळ्यांची घोडी होती आणि मागे पुठ्ठ्यावर वर्तमानपत्राचा एक तुकडा चिकटवलेला होता. तंत्रज्ञाने टेबलाच्या कडेला चक्क एक विळा ठेवला होता. गवत कापायचा, घराघरांत असतो तसला. “रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. काहींच्या अशा वाकतात. म्हणून या आजाराला सिकल सेल म्हणतात,” असे तो प्रत्येकाला सांगत होता. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात मिसळायचा, पाच-सात मिनिटे थांबायचे आणि मग नळी त्या कागदापुढे धरायची. पलीकडची अक्षरे दिसली तर काळजी नाही. माझ्या पुढच्या मुलाने बातमीचा मथळा मोठ्याने वाचून दाखवला आणि सगळे हसले. माझी नळी धरली तेव्हा अक्षरे दिसेनात. आषाढातल्या नदीच्या पाण्यासारखे ते गढूळ द्रावण मी बराच वेळ पाहत राहिलो. मी मराठीचा विद्यार्थी; न वाचता आलेला मजकूर माझ्या इतका जिवावर पूर्वी कधी आला नव्हता.

“घाबरू नकोस. यावरून नुसते कळते की काहीतरी आहे. वाहक की रुग्ण, ते पुढच्या तपासणीत ठरेल,” तंत्रज्ञ म्हणाला. मग त्याने विचारले, “घरात कुणाला हाडे दुखण्याचा त्रास?”

मी “नाही” म्हणालो. ते खोटे होते.

माझे घर काठीच्या एका पाड्यावर आहे. अक्कलकुव्याहून सातपुडा चढत मोलगीकडे गेले की हा परिसर लागतो. नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. तेव्हा मी पहिलीत होतो. काठीचे नाव बाहेरच्या लोकांना ठाऊक असते ते राजवाडी होळीमुळे. १२४६ सालापासून ही होळी पेटते असे सांगतात. गुजरातच्या बाजूच्या जंगलातून आणलेला उंच सरळ बांबू उभा करायचा, रात्रभर ढोल आणि घुंगरांचा नाच, आणि पहाटे होळी पेटवायची. नाचणारे कुणी बावा होतात, कुणी बुध्या. अंगावर राखेची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि घुंगरू. हौसेने नाचणारे वेगळे आणि नवस फेडण्यासाठी नाचणारे वेगळे. नवसवाल्यांना काही दिवस आधीपासून पालनी करावी लागते. आंघोळ करायची नाही, संसारापासून दूर राहायचे, जमिनीवर झोपायचे. खाटेला पाठ लावायची नाही.

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, लहानपणापासून हाडे दुखण्याचा त्रास होता. तो तान्हा असताना त्याचे हात-पाय सुजत, असे आई सांगे. थंडी पडली की तो गुडघे पोटाशी घेऊन चुलीजवळ पडून राही. डोळे पिवळट दिसत. पावसाळ्यात ताप आला की घरातले सगळेच भ्यायचे. औषधपाणी झाले, पुजाऱ्याकडे जाऊन झाले, महाशिवरात्रीला देवमोगऱ्याला याहा मोगीच्या पायांवर घालून झाले. शेवटी वडिलांनी होळीचा नवस बोलला. दादा सतरा वर्षांचा झाला की तो पाच वर्षे बुध्या होऊन नाचेल, असे त्यांनी कबूल केले.

पहिल्याच वर्षी, होळीच्या दोन रात्री आधी, दादाला कळा सुरू झाल्या. सारवलेल्या जमिनीचा गारवा त्याच्या कंबरेत चढत होता. घरातले झोपल्यावर तो मला हळूच म्हणाला, “थोडा वेळ खाट टाक.” मी तेरा वर्षांचा होतो. मी पडवीत खाट टाकली, वर गोधडी घातली आणि कोंबडा आरवण्यापूर्वी ती उचलून भिंतीला लावून ठेवली. दोन्ही रात्री आम्ही तसेच केले. होळीच्या रात्री तो नाचला. मध्यरात्रीनंतर तो घेऱ्यातून बाहेर पडला आणि एका झाडाशी जाऊन बसला. उजाडल्यावर त्याला श्वास घेता येईना. बांबूला चादरीची झोळी बांधून चौघांनी त्याला डांबरी रस्त्यापर्यंत नेले. दवाखाना त्याने पाहिला. पण दुसरी सकाळ पाहिली नाही.

पाड्यावरचे लोक म्हणाले, पालनीत कुठेतरी चूक झाली असेल. ती कुठे झाली हे फक्त मला माहीत होते. त्यानंतर सात वर्षे मी खाटेवर झोपलो नाही. वसतिगृहातही गादी खाली ओढून झोपत असे. मित्रांना वाटे, याला पाठीचा त्रास आहे.

पुढच्या तपासणीचा अहवाल यायला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत मी ग्रंथालयात या आजाराविषयी सापडेल ते वाचले. शिकागोतील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ज्या रुग्णाविषयी लिहिले आणि ज्याच्या रक्तातल्या विळ्यासारख्या पेशींची पाश्चात्त्य वैद्यकाने प्रथम नोंद केली, तो वॉल्टर क्लेमेंट नोएल हा ग्रेनेडा बेटावरून शिकायला आलेला, दंतवैद्यकाचा विद्यार्थी होता. उष्ण बेटावरचा तो मुलगा शिकागोच्या हिवाळ्यात आजारी पडला. त्याच्याविषयी वाचताना मला चुलीजवळचा दादा दिसत राहिला. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढे कळले की प्रथिनाच्या लांब साखळीतला अवघा एक दुवा बदललेला असतो. आपल्या देशात १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये तो प्रथम आढळला. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्यासारखी झालेली पेशी दहा-वीस दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी, म्हणून डोळे पिवळे. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून कळा. आणि ज्याला आईबापांपैकी एकाकडूनच हा दोष मिळतो, त्या वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून पुष्कळसे संरक्षण मिळते, हे ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील अभ्यासातून मांडले. जिथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या माणसे नेत होता, अशा मुलखांत हा दोष टिकून राहिला तो असा. आमच्या पूर्वजांच्या रक्ताने केलेला तो एक सौदा होता, आणि त्याची किंमत दादासारख्यांनी चुकती केली.

वाचनात आणखी एक गोष्ट सापडली. कळा कशाने उठतात, त्याची ती यादी होती. थंडी, ताप, शरीरातले पाणी कमी होणे, जागरण, अतिश्रम. त्या यादीत खाट नव्हती. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. आपण सुटलो असे वाटून डोळे भरून आले, आणि त्याच क्षणी ध्यानात आले की यादीतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट होळीच्या रात्री होती. नवस वडिलांचा होता.

अहवाल आला. मी वाहक होतो, रुग्ण नव्हतो. धाकट्या बहिणीच्या सोयरिकीची बोलणी त्या उन्हाळ्यात व्हायची होती. त्यामुळे घरी सांगणे टाळता येण्याजोगे नव्हते. मी गेलो तेव्हा आई आणि बहीण अंगणात आमचूरसाठी कैऱ्या सोलत बसल्या होत्या. वडील खाटेवर होते. मी चार-दोन चिंचोके घेतले, दगडावर घासून फोडले आणि त्यांच्यापुढे बसलो. फोडलेल्या चिंचोक्याची एक बाजू पांढरी, एक काळी. या फाशांनी आमच्याकडची मुले खेळतातच. “हा एक आईचा, हा एक बापाचा,” मी म्हणालो. दोन्ही पांढरे पडले तर मूल निरोगी. एक पांढरा, एक काळा पडला तर माझ्यासारखे. त्रास नाही, पण दोष अंगात आहे. दोन्ही काळे पडले तर आजार. चार वेळा टाकले तर साधारण एकदा तसे पडतात.

वडिलांनी चिंचोके हातात घेतले आणि टाकू लागले. सातव्या की आठव्या वेळी दोन्ही काळे पडले. “एकदा काळे पडले म्हणजे पुढच्या तीन मुलांना भीती नाही?” त्यांनी विचारले. मी म्हणालो, “तसे नाही. दर वेळी डाव नवाच.” हे त्यांना लगेच पटले. शिकलेल्या माणसांना समजावताना मला याहून जास्त वेळ लागलेला आहे.

मग ते बराच वेळ गप्प राहिले. कैऱ्यांवर चालणाऱ्या सुऱ्यांचा आवाज तेवढा येत होता. आमचे बोलणे भिलीत झाले; ते मी इथे मराठीत मांडतो आहे, आणि मांडताना त्यातला जडपणा थोडा हलका होतो हे मला कळते.

“म्हणजे तो खाटेमुळे गेला नाही?” वडील म्हणाले.

मी दचकून आईकडे पाहिले. तिने मान वर केली नाही. त्या दोन्ही रात्री वडील जागे होते. त्यांनी पडवीतली खाट पाहिली होती, मी ती उचलताना पाहिले होते, आणि सात वर्षांत एका अक्षराने मला ते जाणवू दिले नव्हते. मी चूक केली असे धरून त्यांनी ती चूक माझ्यासाठी लपवून ठेवली होती.

“नाही,” मी म्हणालो. “खाटेचा काही संबंध नाही.”

“मग कशाने उठलं ते, त्याच रात्री?”

यादी मला तोंडपाठ होती. मी म्हणालो, “त्या आजारात ते कशानेही उठतं. कुठल्याही हिवाळ्यात उठलं असतं.” हे खोटे नव्हते. पण वर्तमानपत्राचा तुकडा दिसत असताना त्यातला एकच शब्द वाचून दाखवावा, तसे ते होते. वडिलांनी चिंचोके मुठीत घेतले आणि पुन्हा टाकले नाहीत. दादाचे रक्त कुणी कधी तपासले नव्हते. त्याला हाच आजार होता हे आमचे अनुमानच राहिले. पुढच्या महिन्यात वडील आणि आई दोघेही तपासणीला आले. दोघेही वाहक निघाले. बहिणीची नळी मात्र स्वच्छ निघाली. तिने मागची अक्षरे अडखळत वाचली, वाचता येत असूनही.

माझ्या लग्नाच्या वेळी मी मुलीच्या घरी पहिल्यांदा गेलो तो हे कार्ड खिशात घेऊनच. एका ठिकाणी बोलणी तिथेच थांबली. मुलगी निरोगी होती, म्हणजे त्रासाचे मूल होण्याचा प्रश्नच नव्हता, तरी ‘दोष’ हा शब्द त्यांच्या घरात शिरला तो निघेना. दुसऱ्या ठिकाणी जमले. आता २०२३ पासून राष्ट्रीय पातळीवर सिकल सेल निर्मूलनाची मोहीम आहे. तिची सुरुवातही १ जुलैलाच झाली, आमच्या जिल्ह्याच्या पंचविसाव्या वाढदिवशी. २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट आहे आणि ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आहे. आकडा मोठा आहे. माझ्या डोळ्यांपुढे मात्र तारांखालून निसटणारी सात-आठ मुले असतात. त्यांच्यातल्या एखाद्याच्या घरी चुलीजवळ कोण झोपते, हे मला ठाऊक नसते.

चिंचोके टाकले त्या वर्षीच्या होळीला मी काठीला होतो. नवसाची चार वर्षे राहिली होती. ती मी फेडावी का, हे वडिलांनी विचारले नाही आणि मीही काढले नाही. मध्यरात्रीनंतर थंडी वाढली. घुंगरांच्या आवाजात मला वडील कुठे दिसेनात. शोधत गेलो तर घेऱ्याच्या कडेला, दादा ज्या झाडाशी बसला होता तिथे, ते उभे होते. खांद्यावर घोंगडी होती आणि पायाशी पाण्याने भरलेली कळशी. घेऱ्यातून दमून बाहेर पडणाऱ्या पोरांना ते हाताला धरून थांबवत, पाणी पाजत आणि पाठीवर घोंगडी टाकत. एका मुलाने भरलेले पेले परत केले तेव्हा त्यांनी त्याला दटावून सगळे प्यायला लावले. त्यांनी मला पाहिले. काही बोलले नाहीत. कळशी रिकामी झाली होती. ती माझ्या हातात देऊन त्यांनी विहिरीच्या दिशेने मान हलवली.