नुरा कुस्ती

माझ्या मामेभावाच्या उजव्या खांद्याजवळ, गळ्याखालच्या हाडावर, सुपारीएवढं टेंगूळ आहे. शर्टाची वरची गुंडी उघडी असली की दिसतं. ते कसं आलं याची गोष्ट आमच्याकडे पंचवीस वर्षं सांगितली गेली. दिवाळीत गावी माळ्यावर चढला आणि शिडी सरकली, अशी. ती खोटी आहे हे दोघांनाच ठाऊक होतं. एक तो, दुसरा मी.

त्याचं नाव इथं लिहीत नाही. १९९८ साली मी त्याला केन म्हणायचो आणि तो मला अंडरटेकर, तेवढं पुरे.

मी अमरावतीचा, तो अकोल्याचा. मधे मूर्तिजापूर, आणि त्या तालुक्यात आमचं आजोळ. उन्हाळ्याची सुट्टी अकोल्याला मामाकडे, दिवाळी आजोळी, हे वर्षाचं वेळापत्रक. बडनेऱ्याहून पॅसेंजरमध्ये बसताना माझ्या खिशात रबरबँड लावलेले पत्ते असायचे. डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते. प्रत्येकावर एका पहिलवानाचा फोटो आणि खाली रँक, उंची, वजन, छाती, दंड, किती लढती लढला, किती जिंकला. एकानं 'वजन' म्हणायचं. ज्याच्या पत्त्यावरचा आकडा मोठा त्यानं दुसऱ्याचा पत्ता घ्यायचा. योकोझुना हाती आला की वजनाला मरण नव्हतं. तो जपानी सुमो पहिलवान आहे असं आम्ही मानायचो. तो सामोअन वंशाचा अमेरिकन होता, हे कळायला पुढं बरीच वर्षं गेली.

पत्त्यांवर नव्हती ती माहिती आम्हीच तयार करायचो. अंडरटेकरचे सात जन्म आहेत, त्यातले चार झाले. खरा अंडरटेकर केव्हाच मेला, आता आहे तो दुसरा. १९९६ साली 'खिलाडियों का खिलाडी' आला तेव्हा तर शाळेत दोन पक्ष पडले. अक्षय कुमारनं अंडरटेकरला उचलून आपटलं म्हणजे तो भारी, असं एक पक्ष म्हणायचा. तो अंडरटेकर नव्हेच, असं दुसरा. दुसऱ्या पक्षाचं बरोबर होतं. सिनेमातला माणूस ब्रायन ली होता, आणि त्यानंच १९९४ मध्ये कंपनीसाठीसुद्धा 'नकली अंडरटेकर' वठवला होता. एका खोट्याचा दुसरा खोटा, आणि आम्ही त्यावरून मधल्या सुट्टीत एकमेकांच्या कॉलरी धरत होतो.

हे सगळं कुठं, तर अमरावतीत. जिथं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे, जिथली मुलं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कबड्डीसारखे आपले खेळ दाखवून आली. मल्लखांब पाहायला आम्हाला लांब जावं लागत नव्हतं. पण आमचा जीव अडकला होता तो काळा कोट, काळी टोपी घालून अंधारातून हळूहळू चालत येणाऱ्या टेक्सासच्या एका माणसात. घंटेचा टोल पडायचा, दिवे जायचे. आमच्याकडे दिवे तसेही जायचे. पण ते परत आल्यावर अंडरटेकर रिंगमध्ये उभा आहे, यात जी मजा होती ती भारनियमनात नव्हती.

१९९८ चा उन्हाळा केनचा होता. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अंडरटेकरचा धाकटा भाऊ लहानपणी घराच्या आगीत जळून मेला, असं सगळे समजून चालले होते. ५ ऑक्टोबर १९९७ ला शॉन मायकल्सबरोबर अंडरटेकरची लोखंडी पिंजऱ्यातली लढत सुरू असताना लाल-काळा मुखवटा घातलेला सात फुटी माणूस आला, पिंजऱ्याचं दार उपटलं आणि भावाला आपटून निघून गेला. पुढं कित्येक महिने अंडरटेकर म्हणत राहिला, मी माझ्या रक्ताच्या माणसावर हात उचलणार नाही. केननं त्याला शवपेटीत बंद करून पेटी पेटवून दिली. तेव्हा कुठं २९ मार्च १९९८ ला, बोस्टनच्या रेसलमेनियात, दोघं भाऊ समोरासमोर आले. एका टूमस्टोननं भलेभले आडवे व्हायचे. केनला तीन लागले.

ज्या घरात भाऊबंदकीचे खटले पिढ्यान्‌पिढ्या चालतात, तिथल्या पोरांना ही गोष्ट समजावून सांगावी लागली नाही.

आम्ही ती लढत मामाकडे केबलवर पाहिली. बाहेर अकोल्याचा मे महिना, खिडकीत वाळ्याचा कूलर. आजोबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून आले होते. काळा चष्मा लावून, डॉक्टरनं नको म्हटलेलं असताना, ते आमच्यामागे खुर्चीत बसले. तरुणपणी जत्रेतल्या दंगलींत त्यांनी नारळ आणि फेटे मिळवले होते.

"हे काही कुस्ती नाही," ते म्हणाले. "पाठ टेकली तरी उठते, मेला तरी उठते. नुरा कुस्ती हाये हे."

नुरा कुस्ती म्हणजे आधी ठरवून खेळलेली. आता हा शब्द राजकारणाच्या बातम्यांतच जास्त दिसतो. आमचे चेहरे पडले. पण अंडरटेकरनं केनला उलटं धरलं, दोन्ही हातांनी कंबर आवळली आणि खाली बसला, तेव्हा आजोबा खुर्चीत पुढं सरकले.

"पाह्यलं काय? आपले गुडघे आंधी टेकवले त्यानं. पोराची मुंडी भुईले लागूच देल्ली नाही. कसबी मानूस हाये."

आम्ही ऐकलं आणि सोडून दिलं. आम्हाला डोकं आपटलेलं दिसत होतं. नव्या डोळ्यांनी त्यांना काय दिसलं, याच्याशी आम्हाला देणंघेणं नव्हतं.

त्याच वर्षीची दिवाळी.

वऱ्हाडात कापूस घरी आला की एक खोली त्याची होते. तेव्हा एकाधिकार खरेदी होती, गाडी महासंघाच्या केंद्रावर लागेपर्यंत कापूस घरातच राहायचा. हिवाळ्यात आजोळी गेलो की ढीग छातीपर्यंत आलेला असायचा. त्यात कुठूनही उडी मारा, काही होत नसे. कपड्यांना चिकटलेल्या सरकीवरून मार बसायचा तेवढाच. पण दिवाळीला पहिल्या वेचणीचाच माल होता, जेमतेम गुडघाभर. हा फरक लक्षात यायला हवा होता. आम्ही बारा वर्षांचे होतो.

केननं फटाक्यांच्या खोक्याचा मुखवटा केला होता, कुंकवानं लाल रंगवलेला. तो काडीसारखा आणि मी आडवा, त्यामुळे कोण कोणाला उचलणार हा प्रश्नच नव्हता. पहिला टूमस्टोन झाला, दोघंही कापसात लोळलो, हसलो. दुसरा झाला. आई-मामी चुलीपाशी चकल्या तळत होत्या, त्याचा वास येत होता. मी दमलो होतो. "बस झालं," म्हणालो.

"तीन झाल्याशिवाय मी हरत नाही," तो म्हणाला. "स्टोरीत तसंच हाये."

तोवर आमच्या पायांनी कापूस बाजूला सरला होता आणि खालची सारवलेली भुई दिसत होती. तिसऱ्या वेळी मी गुडघे टेकवलेच नाहीत. तोल गेला आणि मी त्याच्यासकट पुढं पडलो. पऱ्हाटीची काडी मोडावी तसा आवाज आला.

तो हलला नाही. मला वाटलं, छान करतोय. म्हणून मी अंडरटेकर करतो तेच केलं. त्याचे दोन्ही हात ओढून छातीवर घडी घातले, जीभ बाहेर काढली, डोळे पांढरे केले आणि जमिनीवर थापा मारत मोजलं. एक, दोन, तीन.

हात ओढला तेव्हा तो जे ओरडला, ते अजून ऐकू येतं.

मुखवटा काढला तर तोंड पांढरंफटक. मी रडायला लागलो. तो नाही रडला. "कोनाले सांगू नको," म्हणाला. "मी शिडीवरून पडलो म्हनतो." मी लगेच हो म्हटलं. किती लगेच, हे आठवून आजही लाज वाटते. माळ्याची शिडी त्याच खोलीत होती. ती मी स्वतः आडवी पाडली आणि मग मामाला हाक मारत धावलो.

हाड मोडलं होतं. पाठीवरून आठच्या आकड्यासारखा पट्टा बांधला, दिवाळी अकोल्यात गेली. माळ्यावर कशाला मेला होतास म्हणून मामाचं बोलणं त्यानं खाल्लं. शाळेच्या खो-खोच्या संघात तो होता, त्या वर्षी बाहेर बसला. आणि मला मोठ्यांनी सांगितलं, पोरगा हुशार, घाबरला नाही, लगेच धावत आला. मामीनं माझ्या हातावर चकली ठेवली. मी ती खाल्ली.

पुढं गोष्टी बदलत गेल्या. जागतिक वन्यजीव निधीनं कोर्टात हरवल्यामुळे २००२ साली डब्ल्यूडब्ल्यूएफचं डब्ल्यूडब्ल्यूई झालं, कुस्त्या टेन स्पोर्ट्सवर गेल्या, पत्ते कुठं गेले कळलं नाही. कॉलेजात असताना सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून मी या धंद्याची आतली बाजू वाचायला लागलो. सगळं आधी ठरलेलं असतं हे कंपनीनंच १९८९ मध्ये न्यू जर्सीच्या सिनेटपुढं सांगून टाकलं होतं, कारण खेळ म्हटला की सरकारी नियमन आलं, करमणूक म्हटली की सुटका. म्हणजे आम्ही मधल्या सुट्टीत मारामाऱ्या करत होतो, त्याच्या आधीच त्यांनी कबुली दिली होती. बाहेरच्यांसमोर सोंग मोडायचं नाही, या रिवाजाला त्यांच्या बोलीत 'केफेब' म्हणतात, हेही तेव्हाच कळलं.

आणि स्टोन कोल्डची लढत वाचली. ३ ऑगस्ट १९९७, समरस्लॅम. ओवेन हार्टनं स्टीव ऑस्टिनला उलटं धरलं आणि गुडघ्यांवर यायच्या ऐवजी सरळ बसकण मारली. ऑस्टिनचं डोकं आपटलं, मान दुखावली, हातपाय हलेनात. निकाल तर ठरलेला, ऑस्टिन जिंकणार. मग ओवेननं काय केलं, तर तो प्रेक्षकांकडे वळला. खलनायकच होता तो, त्यामुळे त्यांना चिडवत, हातवारे करत, ओरडत रिंगभर फिरत राहिला. लोकांना वाटलं माजलाय. तो ऑस्टिनला वेळ देत होता. शेवटी ऑस्टिन कसाबसा रांगत आला, त्यानं ओवेनला मागून धरून लोळवलं, आणि ओवेन हरला. व्हिडिओत पाहिलं तर त्या पकडीत काही दम नाही. ओवेन हरायला तयार होता म्हणून हरला. चूक त्याची होती आणि सावरलंही त्यानंच. पुढं २३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत, छतावरून दोरीनं रिंगमध्ये उतरण्याच्या प्रयोगात, तोच ओवेन खाली पडून गेला. प्रेक्षकांतल्या अनेकांना तो खेळाचाच भाग वाटला.

त्या रात्री कॅफेतून घरी येताना आजोबांचं वाक्य पहिल्यांदा नीट ऐकू आलं. तोवर ते हयात नव्हते. निकाल खोटा असतो, पण पडणं खोटं नसतं. उलटा धरलेला माणूस आपली मान दुसऱ्याच्या हवाली करतो आणि वरचा आपल्या गुडघ्यांवर मार घेतो, म्हणून ते सोंग उभं राहतं. आजोबांना ते एका नजरेत दिसलं. मी टूमस्टोन पाठ केला होता, त्यातली एवढी एकच गोष्ट सोडून.

तरी मी केनला फोन केला नाही. लग्नांत, बारशांत भेटत राहिलो. कोणीतरी टेंगळाचा विषय काढायचं, तो शिडीची गोष्ट सांगायचा, मी मान हलवायचो. गोष्टीत हळूहळू भर पडली. शिडीचा एक पाय कुजका होता वगैरे. तो ती इतकी रंगवून सांगायचा की मलाही ती शिडी दिसायची.

गेल्या वर्षी कावडीच्या सोमवारी अकोल्याला गेलो होतो. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी राजेश्वराला चालल्या होत्या, रस्ते बंद, ढोलांनी खिडक्या हलत होत्या. घरात त्याचा दहा वर्षांचा मुलगा मोबाईलवर रोमन रेन्स पाहत होता. तिथं तेव्हाची भाऊबंदकी रोमन आणि त्याच्या चुलतभावांची. मुलानं विचारलं, "बाबा, हे हाड तुमचं कसं मोडलं?"

"शिडी," तो सवयीनं म्हणाला.

"शिडी नाही," मी म्हटलं. "मी पाडलं."

मग सगळं सांगितलं. कापूस, मुखवटा, तिसरा टूमस्टोन, घडी घातलेले हात. शिडी मी पाडली तेही. मुलगा आळीपाळीनं आमच्याकडे बघत होता. केन हसला.

"काहून सांगतलं बे? इतकी चांगली चालली होती स्टोरी."

मी म्हटलं, खूप आधी सांगायला पाहिजे होतं.

"हो," तो म्हणाला. आता तो हसत नव्हता. "पट्टा बांधून पडलो होतो नं, तवा रोज वाटे, आज तू मामाले सांगशीन. मीच म्हटलं होतं सांगू नको, तरी वाटे. तुमी दिवाळी करून अमरावतीले गेले, मंग सोडून देल्लं."

बाहेर एक मोठी कावड पुढं सरकत होती. काही वेळ कोणालाच कोणाचं ऐकू आलं नाही. ते बरं झालं.

आवाज ओसरल्यावर मुलानं लोड उचलून माझ्यासमोर उलटा धरला. "काका, दाखवा नं, कसा मारला होता?"

मी केनकडे पाहिलं. तो म्हणाला, "दाखव. पण आंधी गुडघे."

सतरंजीवर मी लोडाला कंबरेशी धरलं आणि हळूहळू, दोन्ही गुडघे टेकवत खाली आलो. चाळिशीला आलेले गुडघे, चांगलेच लागले. लोडाचं टोक जमिनीपासून चार बोटं वर राहिलं.