पोटरी दाबून बघितली असती तर…

डिसेंबरात पत्रकार विरुद्ध पोलीस असा क्रिकेटचा सामना होता. दुसऱ्या धावेसाठी वळलो आणि टाचेच्या वर फट्‌कन आवाज झाला. मागून कुणी बॅट हाणली म्हणून वळून पाहिलं, तर मागे कुणीच नाही.

दवाखान्यात एक्स-रे काढला. हाड शाबूत. ‘मुका मार आहे’ म्हणत क्रेप बँडेज बांधून घरी पाठवलं. लंगडत का होईना चालता येत होतं, म्हणून मीही गप्प. तीन आठवडे तेल-मालिश! चवड्यावर मात्र उभं राहता येईना.

शेवटी जिल्ह्याच्या गावी हाडांच्या डॉक्टरांनी पालथं झोपवलं, पावलं टेबलाबाहेर ठेवून पोटऱ्या दाबल्या. चांगलं पाऊल हललं, दुसरं ढिम्म. अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरी टाचेला बांधणारी जाड शीर, तुटली होती. साध्या एक्स-रेत ती तुटलेली दिसत नाही. या तपासणीला ना यंत्र लागतं, ना पैसा. वेळेत कळलं असतं तर पाऊल खाली वळवून घातलेल्या प्लास्टरवरही भागलं असतं कदाचित. उशीर झाला, ऑपरेशन करावं लागलं.

आपल्याकडे भरतीची पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात. टाच दुखली की कुणीतरी तिथंच स्टेरॉइडचं इंजेक्शन ठोकतो. त्यानं ही शीर तुटायचा धोका वाढतो, हे पोरांना कोण सांगणार?

परवा बायपासवर एक पोरगा लंगडताना दिसला. गाडी थांबवून पारावर पालथा झोपवला, पोटरी दाबली. पाऊल हललं. तरी म्हटलं, बाबा, आठ दिवस धावू नको, डॉक्टरला दाखव. ‘काका, ग्राउंड पुढच्या सोमवारी आहे,’ म्हणाला.