शेवटचा स्वर

स्पॅनिशच्या वर्गात 'सुब्खुन्तिबो', म्हणजे इच्छा किंवा शंका सांगणारी क्रियापदाची रूपं, सुरू होणार म्हटलं की मुलं आधी तक्ता मागतात. नियमित क्रियापदांचा तक्ता दहा मिनिटांत फळ्यावर मावतो. वर्तमानकाळातलं 'मी'चं रूप घ्यायचं, शेवटचा 'ओ' काढायचा, 'आर'ने संपणाऱ्या क्रियापदांना 'ए' लावायचा, 'एर' आणि 'इर'वाल्यांना 'आ'. आब्लोचं आब्ले, कोमोचं कोमा, बिबोचं बिबा. बुस्कोचं बुस्के लिहिताना 'सी' जाऊन 'क्यू-यू' येतात, नाहीतर 'क'चा उच्चार टिकत नाही. देवनागरीत टिपणं काढणाऱ्यांना ही भानगड दिसतच नाही!

मी मात्र धडा सुरू करते तो वाक्यातल्या माणसांपासून. 'किएरो कोमेर': इच्छा माझी, जेवणारही मीच. 'किएरो के कोमास': इच्छा माझी, जेवायचं तू. इथे मराठी मुलांना फारसं समजवावं लागत नाही. 'मला जेवायचंय' आणि 'तू जेवावंस असं मला वाटतं' यांची गल्लत कोण करेल? आपला विध्यर्थ इथवर छान सोबत करतो.

पुढे तो हात सोडतो. 'क्रेओ के त्राबाखा', तो काम करतो असं मला वाटतं. 'नो क्रेओ के त्राबाखे', तो काम करतो असं मला वाटत नाही. मराठीत दोन्हीकडे 'करतो'च. स्पॅनिश बोलणारा मात्र दुसऱ्या वाक्यात त्याच्या कामाची ग्वाही द्यायला तयार नसतो, आणि ते शेवटच्या स्वरात ऐकू येतं. मुलं इथेच अडखळतात, कारण कान अजून क्रियापदाच्या सुरुवातीला लागलेला असतो.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण शोधाशोधीचं. 'बुस्को आ उना चिका के आब्ला खापोनेस', म्हणजे जपानी बोलणारी ती अमुक मुलगी, तिला मी शोधतेय. 'बुस्को उना चिका के आब्ले खापोनेस', म्हणजे अशी कुणीही चालेल, मिळाली तर. स्वर बदलला आणि 'उना'आधीचा 'आ'ही गळाला. आपल्याकडे 'मुलीला शोधतेय' आणि 'मुलगी शोधतेय' यांतला 'ला' नेमकं त्या 'आ'चं काम करतो. 'बोलणारी' मात्र दोन्हीकडे जशीच्या तशी. म्हणून या धड्याला मी पाठ्यपुस्तक मिटून नोकरीच्या जाहिराती वाचायला देते. वेटर हवा, इंग्रजी बोलणारा. तो अजून सापडलेला नाही, तेव्हा 'आब्ले'. सापडला, कामाला लागला, की त्याच्याबद्दल बोलताना 'आब्ला'.