ऑईल वाढलंय

आमच्या ट्रॅक्टरला बंद करायच्या तीन जागा आहेत. किल्ली, स्टॉपर आणि टाकीखालचा कॉक. पुण्यातल्या मित्रांना हे सांगितलं की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: किल्ली फिरवली की बंद होत नाही का? नाही होत. किल्ली काढून खिशात घातली तरी तो भकभक करत उभाच असतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती भयंकर तापते आणि तिच्यात उडालेलं डिझेल आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेलने 1890च्या दशकात हे जमवलं. त्यामुळे जुना ट्रॅक्टर एकदा चालू झाला की त्याला विजेची गरजच उरत नाही. आमची बॅटरी तशीही निम्मं वर्ष नावापुरती असते. अण्णा उतार बघून ट्रॅक्टर लावतात आणि चाकाला दगड देतात. अशा इंजिनाला थांबवायचं तर त्याचं डिझेल तोडावं लागतं. स्टिअरिंगजवळची काळी मूठ ओढली की पंपातून नोझलकडे जाणारं डिझेल थांबतं, इंजिन दोन उचक्या देतं आणि गप्प होतं. हा स्टॉपर. नव्या ट्रॅक्टरात हेच काम किल्लीला जोडलेला सोलेनॉइड करतो, त्यामुळे नव्या ड्रायव्हरांना मुळात प्रश्नच पडत नाही.

बहुतेक लोक इथे उतरून घरी जातात. अण्णा जात नाहीत. ते वाकून बाजूने हात घालतात आणि टाकीखालचा पितळी कॉक आडवा करतात. उभा म्हणजे चालू, आडवा म्हणजे बंद. रात्री लग्नावरून उशिरा आलो तरी, पावसात भिजत असले तरी. लहानपणापासून हे बघतोय, पण कारण कधी विचारलं नव्हतं. घरातल्या मोठ्या माणसांच्या शंभर सवयींचं आपण कारण विचारत नाही, त्यातलंच एक.

कारण असं आहे. स्टॉपर ओढल्यावर इंजिन थांबतं, डिझेल थांबत नाही. टाकी वर, इंजिनाच्या अंगाला बसवलेला फीड पंप खाली. डिझेल स्वतःच्या वजनानेच त्या पंपापर्यंत येऊन दाब देत राहतं. या पंपात एक रबरी पडदा असतो, डायफ्राम. पडद्याच्या एका बाजूला डिझेल, दुसऱ्या बाजूला इंजिनचं चेंबर, म्हणजे ऑईल. पडदा जुना होऊन त्याला बारीक छिद्र पडलं की रात्रभर थेंब थेंब डिझेल ऑईलमध्ये उतरतं. कुठे गळती दिसत नाही, जमीन कोरडी. पण पातळ झालेलं ऑईल बेअरिंगला धरत नाही, आणि पुढची कथा इंजिन उतरवण्यापर्यंत जाते.

हे आमच्याच घराचं खूळ नाही. अमेरिकेत 1947 ते 1952 या काळात फोर्ड 8एन नावाचा ट्रॅक्टर निघायचा, पेट्रोलवर चालणारा. त्याला फीड पंपच नव्हता, वरच्या टाकीतून पेट्रोल सरळ कार्ब्युरेटरमध्ये. कार्ब्युरेटरमधली सुई नीट बसली नाही की पेट्रोल वाहतच राहणार. ज्यांच्याकडे तो आहे, ते उभा करताना टाकीखालची तोटी बंद करतात.

कॉक बंद करण्याची किंमतही आहे. सकाळी उघडायला विसरलं तर पाइपात आणि फिल्टरमध्ये उरलेल्या डिझेलवर ट्रॅक्टर चालू होतो, वावराच्या वाटेला लागतो आणि मध्येच बंद पडतो. एअर घेतो. मग फिल्टरवरचा बोल्ट ढिला करून, बुडबुडे थांबेपर्यंत पंपाची पट्टी अंगठ्याने मारत बसा. म्हणून ड्रायव्हर लोकांना कॉक नको असतो. अण्णांचा उपाय म्हणजे रात्री किल्ली कॉकलाच सुतळीने लटकवायची. सकाळी किल्ली घ्यायला हात तिथेच जातो. आमच्या कंपनीत असल्या गोष्टीसाठी दोन मीटिंगा होतात.

गेल्या सप्टेंबरात अण्णांच्या डोळ्याचं, मोतीबिंदूचं, ऑपरेशन झालं. आठ दिवस माझ्याकडे पुण्यात होते. वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही. गावाकडे, बार्शीजवळ, चुलतभाऊ आमच्या आणि स्वतःच्या रानाला पाळी घालत होता. पोरगा चांगला, काम चोख. त्याला कॉकचं कुणी सांगितलंच नव्हतं. अण्णांनाही सांगण्यासारखं काही आहे असं वाटलं नसावं.

परत गेल्यावर काळा चष्मा लावूनच त्यांनी ऑईलची पट्टी ओढली, फडक्याने पुसली, पुन्हा घालून बघितली. मग बोटाला लावून हुंगली.

"ऑईल वाढलंय."

चुलतभाऊ म्हणाला, "मग चांगलंच की, काका. कमी तर नाही झालं."

पट्टीवर दोन खुणा असतात आणि आपण सगळे फक्त खालची बघतो. वाढलेलं ऑईल कमी झालेल्यापेक्षा वाईट, कारण ते कुठून तरी आलेलं असतं. फारच वाढलं तर इंजिन चेंबरमधलंच ऑईल वर ओढून त्याच्यावर पळायला लागतं. तेव्हा स्टॉपर ओढून उपयोग नसतो, हवा कोंडावी लागते. आमच्याकडे तोवर गेलं नाही. मिस्त्री आला, पंप खोलला, पडदा उजेडात धरला आणि हसला. छिद्र आठ दिवसांचं नव्हतं. कडा गुळगुळीत झाल्या होत्या. म्हणाला, दोन-तीन वर्षं तरी झाली असतील.

मला तिथे खरं धस्स झालं. इतकी वर्षं फाटका पडदा अण्णांच्या हाताच्या एका वळणावर निभत होता. दिवसा झिरपायचं ते थोडं, आणि रात्रीचे बारा तास कॉक बंद. बिघाड त्यांनाही माहीत नव्हता. ते आठ दिवस घरात नव्हते म्हणून तो दिसला.

पंप बदलला, ऑईल बदललं, फिल्टर बदलला. वाफसा होता तोवर ज्वारी पेरून झाली. त्यानंतर गावी गेलो की मी अण्णांच्या मागे मागे हिंडतो. पावसाळ्यात सायलेन्सरवर उपडा डबा का, ते कळतं. ट्रॅक्टर लावताना रोटर नेहमी खाली टेकवतात, कारण हायड्रॉलिक कधीही बसू शकतं आणि खाली पोरं खेळतात, हेही सांगितलं. विहिरीवरच्या मोटरीची पेटी बंद केल्यावर तिला दोन थापा का मारतात, यावर मात्र "तसंच असतं ते" एवढंच उत्तर मिळालं. फोनमध्ये नोंद केलीय. थापांसकट.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन जानेवारीत आहे. चुलतभाऊ आता दर रविवारी पट्टीचा फोटो पाठवतो, दोन्ही खुणा दिसतील असा. पंप नवा आहे, कॉक बंद नाही केला तरी चालेल, असं मिस्त्रीनेही सांगितलंय. तरी अण्णा म्हणतायत, पुण्याला येताना किल्ली बरोबर आणतो. मी म्हटलं, मग तो ट्रॅक्टर चालू कसा करणार?

"उतार आहे की."