लंगोटाचा हिशेब

मंडळी, शीर्षक वाचून नाक मुरडू नका. ज्या घरात तान्हे बाळ आहे त्या घरात सकाळी उठल्यापासून हाच विषय असतो. ज्यांच्या घरात नाही, त्यांच्याही घरी कधीतरी तो होताच!

आमच्या धाकट्याकडे गेल्या वर्षी कन्यारत्न झाले. सूनबाई नोकरी करते. २०१७ साली कायदा बदलल्यापासून बाळंतपणाची रजा २६ आठवडे मिळते, त्यामुळे पहिले सहा महिने ती घरी होती. रजा संपत आली तशी एके दिवशी मला म्हणाली, "आई, कापडी डायपर वापरले तर खरंच पैसे वाचतात का हो? सगळे नुसते म्हणतात. तुम्ही काढा ना हिशेब." मी जन्मभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, पण पाचवी-सहावीचे गणिताचे तासही गळ्यात पडत. सवय जात नाही. मी वही-पेन घेऊन बसले.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय मला राहवणार नाही. आपल्याकडे बाळाला कोऱ्या कापडात गुंडाळायची पद्धत नव्हती. जुनेर लागायचे. आजीचे विरलेले नऊवारी लुगडे, आजोबांचे धोतर फाडून त्याचे तिकोनी लंगोट, खाली अंथरायला बाळुती, वर दुपटी. शेकडो वेळा धुतलेले ते कापड सायीसारखे मऊ असे. म्हणजे लंगोटाला पैसा असा पडतच नसे.

वापरून फेकायच्या डायपरची गोष्ट फारशी जुनी नाही. १२ जुलै १९६१ ला आपल्याकडे पानशेतचे धरण फुटले, त्याच वर्षी अमेरिकेत 'पॅम्पर्स' बाजारात आले. ते तयार करणारे व्हिक्टर मिल्स हे रसायनतज्ज्ञ तेव्हा आजोबा झाले होते, आणि नातवंडाचे लंगोट बदलायचा त्यांना कंटाळा होता म्हणे. म्हणजे याच्या मुळाशीही एक आजोबाच! आपल्या बाजारात 'हगीज' आले ते १९९० नंतर. त्या पाकिटावर कारखान्याचा पत्ता आपल्या नगर रस्त्यावरच्या सणसवाडीचा असे. हे नाव कुणा मराठी माणसानेच ठेवले असणार, अशी आमच्या सासूबाईंची शेवटपर्यंत खात्री होती. इंग्रजीत त्याचा मिठी मारण्याशी संबंध आहे हे सांगूनही त्यांना पटले नाही.

आता हिशेब. दोन वर्षांचा धरला. पहिले तीन महिने दिवसाला आठ डायपर, एक आठ रुपयांना. पुढचे नऊ महिने दिवसाला सहा, दहा रुपयांचे. दुसऱ्या वर्षी दिवसाला पाच, बारा रुपयांचे, कारण बाळ वाढते तसा आकार आणि भावही वाढतो. अनुक्रमे ५,७६०, १६,५०० आणि २१,९००. बेरीज ४४,१६० रुपये, आणि डायपर ४,१९५. दर आमच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातले आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. त्याने थोडा फरक पडतो, पण आकडा फार हलत नाही.

दुसरी बाजू कापडी डायपरची. हल्ली मिळतात ते आपले लंगोट नव्हेत. बाहेरून पाणी न जाऊ देणारे कापड, आत घालायला जाड पट्टी, कडेला टिचबटणे. बाळ वाढेल तशी बटणे सरकवायची. एक साधारण सहाशे रुपयांना. असे वीस घेतले तर १२,०००, जादा पट्ट्यांचे ३,०००. दिवसाआड मशीन लावायचे. साबण, वीज, पाणी मिळून एका वेळचे अठरा रुपये धरले, तर दोन वर्षांचे ६,५७०. बेरीज २१,५७०.

म्हणजे निम्म्याहून कमी! घरात एकदम आनंद झाला. चिरंजीव तर "ठरलं मग," म्हणून मोकळे झाले. पण माझे काही समाधान होईना. गणितात उत्तर फार सोपे आले की मी मुलांना म्हणायची, बाळांनो, एखादी रक्कम लिहायची राहिली का बघा.

राहिली होती ती मला आमच्या जुन्या हिशेबाच्या वहीत सापडली.

१९७५ साली माझा थोरला झाला तेव्हा आम्ही सदाशिव पेठेतल्या वाड्यात दोन खोल्यांत राहत होतो. चौकात सगळ्यांचा मिळून एक नळ. ह्यांना रोजचा खर्च लिहायची सवय होती, ती वही अजून माझ्या कपाटात आहे. त्यात दूध आहे, रॉकेल आहे, ५०१ साबणाच्या वड्या आहेत, ग्राइप वॉटरची बाटली आहे, पाळण्याची दोरी आहे. लंगोटाच्या नावाने एक पैसा नाही, कारण ते सासऱ्यांच्या धोतराचे होते. साबणाची एखादी वडी जास्त, एवढाच काय तो वाढीव खर्च.

पण रोज पंचवीस-तीस लंगोट आणि बाळुती धूत कोण होते? माझी शाळा सकाळची. पावणेसातला मी घराबाहेर पडत असे. नळाला पहाटे पाणी येई तेव्हा सासूबाई बादली घेऊन चौकात जात. थंडीच्या दिवसांत त्यांच्या बोटांच्या पेरांना भेगा पडत. रात्री त्या खोबरेल चोळत बसत. पावसाळ्यात तर दोरीवर काही वाळायचेच नाही. मग माजघरात आडव्या काठ्या, आणि तरीही ओलसर राहिले तर शेगडीवर पालथी टोपली आणि टोपलीवर लंगोट. सगळ्या घराला तो वास. त्या कधी कुरकुरल्या नाहीत. माझी नोकरी टिकली, पुढे निवृत्तिवेतन मिळाले, त्याच्या पायाशी ती बादली आहे. ह्यांच्या वहीत त्या कामाची एक ओळ नाही. असण्याचा प्रश्नच नव्हता. घरातल्या बाईच्या हातांना कोण मजुरी लावतो?

आता त्या बादलीपाशी कोण बसणार? सूनबाई नऊला बाहेर पडते, चिरंजीव साडेआठला. माझे गुडघे मला खाली बसू देत नाहीत. मशीन धुते हे खरे, पण मशीनमध्ये टाकण्याआधी शी झाडून, एकदा खळबळून घ्यावे लागते. नंतर पट्ट्या काढून वाळत घालायच्या, वाळल्या की पुन्हा आत घालायच्या. ही कामे मशीन करत नाही.

मग आमच्या कामवाल्या बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "आजी, महिन्याला पाचशे जास्त द्या, करते." मला ते रास्त वाटले. खरे तर कमीच वाटले. मी सहज विचारले, तुमच्या नातवाला काय वापरता? तर म्हणाल्या, "घरी चड्डीबिड्डी काही नाही, जुन्या साडीचं फडकं. दवाखान्यात नाहीतर लग्नाला जायचं असलं की दुकानातनं सुटा एक आणायचा." घ्या! आपण जो प्रश्न वही घेऊन सोडवत बसलो, तो त्यांनी केव्हाच सोडवला होता.

दरमहा पाचशे म्हणजे दोन वर्षांचे १२,०००. कापडी बाजूची बेरीज झाली ३३,५७०. वाचले १०,५९०, म्हणजे दिवसाला साडेचौदा रुपये. बावीस हजारांची बचत दिसत होती, त्यातली निम्म्याहून जास्त म्हणजे कुणाचे तरी न मोजलेले कष्ट होते. शिवाय पाणी. मशीन आणि आधीच्या बादल्या मिळून एका वेळी ऐंशी लिटर धरले, तर दोन वर्षांत २९,२०० लिटर. आमच्या सोसायटीत एप्रिल-मेमध्ये टँकर येतो, दहा हजार लिटरचा. म्हणजे जवळजवळ तीन टँकर.

आता तुम्ही म्हणाल, मग फेकायचेच बरे की! थांबा. कष्ट मोजायचे तर दोन्ही बाजूंचे मोजले पाहिजेत.

रात्रभर वापरलेला एक डायपर मी पिशवीत घालून काट्यावर ठेवला. (सूनबाईने कपाळाला हात लावला.) पाव किलो भरला. त्यातल्या पांढऱ्या भुकटीची ही करामत. ती आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते. सरासरी दीडशे ग्रॅम धरले तरी ४,१९५ डायपरचे सहाशे किलोच्या वर जाते. एका बाळाचे! हे सहाशे किलो कोण उचलते?

आपल्या पुण्यात ते कचरा वेचणाऱ्या बाया उचलतात. १९९३ साली त्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली, आणि पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. २००८ पासून महापालिकेशी करार करून या बाया घरोघरचा कचरा नेतात. भंगार विकून चार पैसे मिळतात ते त्यांचे. डायपर विकला जात नाही, कुजत नाही, आणि हाताने बाजूला करावा लागतो. २०१३ साली या बायांनी वापरलेले सॅनिटरी नॅपकिन उत्पादक कंपन्यांना परत पाठवले होते, ते काहींना आठवत असेल. २०१६ च्या घनकचरा नियमांत मग लिहिले गेले की उत्पादकांनी प्रत्येक पाकिटाबरोबर गुंडाळायची पिशवी द्यावी आणि लोकांनी डायपर नीट गुंडाळूनच द्यावा. प्रत्यक्षात घरोघरी वर्तमानपत्रच कामी येते.

आमच्याकडे येणाऱ्या ताईंना मी विचारले. त्या म्हणाल्या, "गुंडाळून, लाल खूण करून दिलं तर हातात तरी घेता येतं. काहीजण सुक्यात तसंच टाकतात. वर पुठ्ठा असतो, आत हात घातला की कळतं." यावर मी काय बोलणार? त्या आठ रुपयांच्या डायपरमध्ये या हातांचे पैसे धरलेले नाहीत.

आणि त्यांच्या हातून पुढे? आमच्या लहानपणी कचरा गावाबाहेर जाई. मग कोथरूडला डेपो झाला. गावच कोथरूडपर्यंत आले तेव्हा तो उरुळी देवाची-फुरसुंगीला गेला, आणि कोथरूडच्या जागेवर आज मेट्रोचा डेपो आहे. फुरसुंगीच्या लोकांच्या विहिरी नासल्या, त्यांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. 'टाकून दिले' म्हणजे आपल्या दारातून गेले, एवढेच.

इंग्लंडच्या पर्यावरण खात्यानेही हा हिशेब केला होता, पैशांचा नव्हे तर प्रदूषणाचा. २००८ च्या त्यांच्या अहवालात दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच निघाल्या: अडीच वर्षांचे फेकायचे डायपर ५५० किलो कार्बन, कापडी ५७०. पण मशीन पूर्ण भरून लावले, दोरीवर वाळवले आणि तेच डायपर दुसऱ्या बाळाला वापरले, तर कापडीचा भार बराच कमी होतो. कपडे विजेच्या यंत्रात वाळवले तर वाढतो. वाचून मला हसू आले. पुण्यात वर्षाचे आठ महिने ऊन फुकट आहे, आणि थोरल्याचे धाकट्याला घालणे हे आपल्याला कुठल्या अहवालाने शिकवायला नको. माझ्या थोरल्याचे लंगोट आठ वर्षांनी धाकट्याला वापरले, आणि उरले ते सायकल पुसायला गेले.

तर मंडळी, आमच्या घरी ठरले ते असे. दिवसा घरात कापडी. वीस नाही, दहाच घेतले. बाकी माझ्या दोन जुन्या सुती साड्यांचे लंगोट. पिसाऱ्यासारखे दोरीवर लागतात तेव्हा शेजारच्या काकू थांबून बघतात. रात्री आणि प्रवासात फेकायचे, कारण दिवसभर काम करून आलेल्या आईची झोपही हिशेबात धरली पाहिजे. ऐन पावसाळ्यात हट्ट करायचा नाही. बाईंना पाचशेऐवजी सातशे. खळबळून घेणे सकाळी चिरंजीवांकडे. आठवडाभर तोंड वाकडे केले, आता सवय झाली आहे. फेकायचा डायपर आधी शी संडासात झाडून, कागदात गुंडाळून, त्यावर लाल खूण.

माझ्याकडे एकच काम, पण सर्वांत जुने. दूध पाजल्यावर थोड्या वेळाने नातीला दोन पायांवर धरून बसायचे आणि "श्शूऽऽ" करायचे. बसायला आता खुर्ची लागते. दहा महिन्यांची झाली तेव्हापासून दिवसाला दोन लंगोट सहज वाचतात. त्याला मशीन नको, टँकर नको. वेळ लागतो, तो माझ्याकडे भरपूर आहे.

पैसे वाचतात का, या प्रश्नाचे उत्तर मी सूनबाईला दिले ते असे: वाचतात, थोडे. ज्यांच्या हातांनी वाचतात त्यांना द्यायचे देऊन उरतील तेवढेच आपले.

परवापासून मी घरखर्चाच्या वहीत नवा रकाना आखला आहे: 'धुण्याची मजुरी'. त्याच्याखाली बाईंचे सातशे आहेत. चिरंजीवांच्या नावापुढे काय लिहायचे यावर घरात मतभेद आहेत.

तुमच्याकडे काय पद्धत होती? विशेषतः कोकणातल्या मंडळींनी जरूर सांगावे. चार महिने सूर्यदर्शन नाही, तिथे लंगोट वाळवत कसे होते?